आंडरमाट: खाली घळ, वर रान

प्रश्न असा आहे: "ग्लेशियर एक्सप्रेसने त्सेरमाटहून सेंट मोरिट्झला जाताना मध्ये आंडरमाट लागतं. तिथे दोन दिवस उतरावं असं मनात आहे. दीड हजार वस्तीच्या गावात भूगोल आणि इतिहासाच्या दृष्टीने बघण्यासारखं काय आहे, आणि ते कोणत्या क्रमाने बघावं?"

जरूर उतरा. आल्प्समधलं खेडं कसं वसतं, कशावर जगतं आणि कशाला भितं हे एकाच ठिकाणी, तेही पायी फिरून समजून घ्यायचं असेल तर आंडरमाटसारखी जागा शोधूनही मिळणार नाही. फक्त दोन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवून फिरा: गावाच्या खाली असलेली शोलेनेनची घळ आणि गावाच्या माथ्यावरचं गुर्शेनचं रान. गेल्या आठशे वर्षांत या गावाचं जे बरंवाईट झालं, त्यातलं बहुतेक सगळं या दोन जागांशी जाऊन भिडतं.

आधी नकाशा. आंडरमाट स्वित्झर्लंडच्या उरी कँटनमध्ये (म्हणजे प्रांतात), उर्झेरन खोऱ्यात, साधारण १,४४० मीटर उंचीवर आहे. खोऱ्यात गावं तीनच: आंडरमाट, होस्पेन्टाल आणि रेआल्प. पश्चिमेला फुर्का खिंड (२,४२९ मीटर), पूर्वेला ओबरआल्प (२,०४४ मीटर), दक्षिणेला गोटहार्ड (२,१०६ मीटर). फुर्का ओलांडली की ऱ्होन नदीचं खोरं लागतं, तिचं पाणी भूमध्य समुद्राला जातं. ओबरआल्पपलीकडे ऱ्हाइनचा उगम आहे, ते पाणी उत्तर समुद्राला. गोटहार्डपलीकडे तिचिनो, ती पो नदीतून एड्रियाटिकला. आणि गावातून वाहणारी रॉइस उत्तरेला घळीत उडी घेऊन पुढे आरे नदीमार्गे ऱ्हाइनलाच मिळते. चार नद्यांचे उगम एवढ्या जवळ आहेत की त्यांना जोडणारी ८५ किलोमीटरची पायवाट पाच दिवसांत चालून होते.

आता जमिनीखालचं. उत्तरेला आर नावाचा कठीण, स्फटिकी खडकांचा डोंगरगट, दक्षिणेला तसाच गोटहार्डचा. या दोघांच्या मध्ये मऊ, ठिसूळ खडकांचा एक अरुंद पट्टा सापडलाय, आणि उर्झेरनचं खोरं नेमकं त्या पट्ट्यावर आहे. हिमनदीने मऊ खडक खोलवर खरवडला आणि नंतर तो खड्डा गाळाने भरत गेला. म्हणून चहूबाजूंना उभे डोंगर असताना खोऱ्याचा तळ मात्र ताटासारखा सपाट आहे. आंडरमाट या नावाचा अर्थच "कुरणाजवळचं". खोऱ्याच्या खालच्या तोंडाशी पुन्हा आरचा ग्रॅनाइट आडवा येतो. तिथे रॉइसला पसरायला जागाच मिळाली नाही, तिने चीर पाडली. ती चीर म्हणजे शोलेनेन. खोरं मऊ खडकात, दार कठीण खडकात: एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

कारण अशा खोऱ्याचा इतिहास उलट्या दिशेने चालतो. आपली समजूत असते की माणसं नदीच्या काठाकाठाने वर चढत गेली आणि वस्ती झाली. इथे खालचं दार बंद होतं, त्यामुळे माणसं खिंडींवरून आली. पूर्वेकडून, ओबरआल्प ओलांडून, डिसेंटिसच्या मठाची सत्ता आली. खोरं कित्येक शतकं त्या मठाच्या मालकीचं होतं. पश्चिमेकडून, फुर्कावरून, बाराव्या शतकाच्या सुमारास वाले प्रांतातले जर्मन बोलणारे वाल्झर आले. उंचावर, थोडक्या उन्हाळ्यात, गुरं आणि गवतावर संसार करण्यात हे लोक तरबेज. उत्तरेचे उरीवाले इथून काही किलोमीटरवर राहत होते, पण घळीमुळे ते परकेच होते.

घळ कशी उघडली हे समजून घ्यायला तिथेच उभं राहावं लागतं. अडचणी दोन होत्या. एक, खालच्या अंगाला रॉइस ओलांडायची. त्यासाठी लाकडी पूल बांधला, तोच पहिला टोयफेल्सब्रुक, म्हणजे सैतानाचा पूल. दुसरी अडचण त्याहून बिकट होती: पुलाच्या वर, किर्शबेर्गचा कडा सरळ पाण्यात उतरतो. काठाने पाऊल टाकायलाही जागा नाही. तिथे कड्याच्या अंगाने, पाण्याच्या वर, साधारण साठ मीटर लांबीची लाकडी फळ्यांची वाट टांगली. तिला ट्वेरेनब्रुक म्हणत. ती साखळ्यांनी टांगली होती असं पूर्वीपासून सांगितलं जातं. पण ट्वेरेन म्हणजे आडव्या तुळया. त्यामुळे खडकात खोबणी करून रोवलेल्या तुळयांवर फळ्या टाकल्या असाव्यात, हे मला जास्त पटतं. हे काम साधलं तेराव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांत. श्रेय बहुधा वाल्झरांना दिलं जातं आणि त्याचं कारण चांगलं आहे: वालेमध्ये शेताला पाणी न्यायचे लाकडी पाट ते अशाच उभ्या कड्यांना टांगत. ज्या हातांना कड्यावरून पाणी नेता येतं, त्यांना माणूस आणि खेचर नेणंही जमतं.

लगेच काय झालं ते सालांवरून दिसतं. १२३० मध्ये मिलानच्या आर्चबिशपने खिंडीवर संत गोटहार्डचं चॅपल पवित्र केलं, खिंडीला आजचं नाव त्यावरून मिळालं. १२३१ मध्ये जर्मन राजा हेन्रीने उरीचे लोक हाब्सबुर्ग या सरदार घराण्याच्या हातून सोडवून थेट पवित्र रोमन साम्राज्याच्या छत्राखाली घेतले. कुठल्याशा डोंगराळ खोऱ्यासाठी राजाने पैसे मोजले, ते गोटहार्डच्या वाटेसाठी. पुढे १३८२ मध्ये उर्झेरनला तशीच साम्राज्याची थेट सनद मिळाली आणि १४१० मध्ये या खोऱ्याने उरीशी कायमचा करार केला. स्वतःचं रान, कुरणं आणि अंतर्गत कारभार मात्र हातात ठेवला. तो करार महत्त्वाचा का, ते खाली १९४६ च्या प्रसंगात कळेल.

वाट उघडल्यावर गाव जगलं मालवाहतुकीवर. व्यवस्था अशी: प्रत्येक टप्प्यावरच्या गावाची खेचरवाल्यांची आपली मंडळी. माल एका गावापासून पुढच्या गावापर्यंतच न्यायचा, तिथल्या गोदामात उतरवायचा, पुढे त्या गावच्या मंडळीने उचलायचा. एका खेचरावर दीडशे किलोच्या आसपास बोजा, दोन्ही बाजूंना सारखा तोललेला. दक्षिणेकडून तांदूळ, वाइन, रेशीम, मसाले यायचे, उत्तरेकडून चीज आणि गुरं लोंबार्डीच्या बाजारांना जायची. प्रत्येक गोदामाशी माल चढवायचा-उतरवायचा म्हणजे वेळ जातो, माल भिजतो, फुटतो. म्हणून ज्यांना घाई असे ते जादा शुल्क भरून एकच तांडा थेट पुढे नेत. हिवाळ्यातही वाट बंद पडू द्यायची नाही हा नियम होता. बैल पुढे घालून बर्फ तुडवायचा आणि मागून घसरगाड्यांवर माल न्यायचा. बर्फ फोडण्याचं हे काम गावांना वाटून दिलेलं असे.

१५९५ मध्ये लाकडी पुलाच्या जागी दगडी कमान आली. टांगती वाट मात्र दर पुराला धोक्यात यायची. १७०७ च्या पुराने ती गेली, आणि पुन्हा लाकूड टांगण्याऐवजी कडाच फोडायचं ठरलं. तिचिनोकडचा किल्ल्यांचा अभियंता पिएत्रो मोरेत्तीनी याने १७०७-०८ मध्ये ६४ मीटरचा बोगदा खणला: उर्नरलोख, उरीचं भोक. छिन्नी, हातोडा आणि बंदुकीची दारू, एवढीच साधनं. अनेक ठिकाणी याला आल्प्समधला पहिला बोगदा म्हटलेलं दिसेल. ते पूर्ण बरोबर नाही. इटलीतल्या मॉन्विसो शिखराजवळचा मिठाच्या व्यापारासाठी खणलेला बोगदा १४८० चा आहे. वाहत्या हमरस्त्यावरचा पहिला, असं म्हटलं तर चालेल. आणि आज त्यातून जाताना दिसतो तो मोरेत्तीनीचा बोगदा नव्हे. त्याचा बोगदा खेचरापुरता अरुंद होता, पुढे गाड्यांसाठी तो रुंद केला.

पुलापाशी तीन काळ एकावर एक दिसतात. सगळ्यात खाली, पाण्याच्या तोंडाशी, १५९५ च्या कमानीच्या पायाचे अवशेष. ती कमान १८८८ च्या वादळात कोसळली. तिच्यावर १८३० चा पूल, आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. सगळ्यात वर १९५० च्या दशकातला मोटाररस्त्याचा पूल. शेजारच्या खडकात कोरलेला मोठा क्रॉस आहे तो १७९९ च्या लढाईच्या स्मरणार्थ. त्या वर्षी २५ सप्टेंबरला सेनापती सुवोरोव्हच्या रशियन सैन्याने इथे फ्रेंचांशी लढून घळ पार केली. स्मारक १८९८ चं आहे आणि ती जागा रशियाच्या मालकीची आहे. लढाईचं वर्णन सगळीकडे वाचायला मिळेल. पण एवढ्याशा खोऱ्याने त्या एका वर्षात फ्रेंच, ऑस्ट्रियन आणि रशियन अशा तीन फौजा पोसल्या, हे सहसा कोणी लिहीत नाही. धान्य खालून विकत आणणाऱ्या खोऱ्याला याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको.

सैतानाची गोष्ट थोडक्यात: पूल सैतानाने बांधला, मोबदल्यात पहिला जीव मागितला, गावकऱ्यांनी पुलावर बोकड सोडला. चिडलेल्या सैतानाने पूल फोडायला उचललेला दगड म्हणून घळीच्या खालच्या टोकाच्या गोशेनेन गावाजवळ एक धोंडा दाखवतात. त्याचं वजन सुमारे २२० टन. मोटारमार्गाच्या आड येत होता म्हणून १९७० च्या दशकात तो १२७ मीटर बाजूला सरकवला.

आता रान. स्टेशनसमोर उभं राहून दक्षिणेकडे बघा. सगळा उतार गवताचा, आणि गावाच्या बरोबर माथ्यावर झाडांचा एक गडद त्रिकोण, टोक वर, पाया गावाकडे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की झाडं मुद्दाम तेवढीच लावलीत. खरं तर उलट आहे: बाकीची तोडली गेली, एवढी ठेवली. शतकानुशतकं कुरणं वाढवायला आणि सरपणाला झाडं तोडता तोडता खोरं उघडं पडलं. इमारतीचं लाकूड खालून घळीतून आणावं लागे आणि चुलीत रानटी झुडपं जाळावी लागत. त्या काळात, १३९७ साली, खोऱ्यातल्या लोकांनी मिळून लेखी ठराव केला: गुर्शेनच्या रानात कोणी झाड तोडायचं नाही, फांद्या, झुडपं, इतकंच काय झाडांची बोंडंही न्यायची नाहीत. आपल्याकडची देवराई आठवेल. फरक एवढाच की इथे देवाची आण नव्हती, बर्फाची भीती होती.

रान बर्फ कसं अडवतं हे नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेकांची चूक होते. झाडं वरून येणारा हिमलोट थांबवत नाहीत. सुटलेला मोठा लोट जुनं रानही काडीसारखं मोडून नेतो. रानाचं काम त्याआधीचं आहे: लोट सुटूच न देणं. हिमलोट बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून उभ्या जागी बर्फ साचत नाही, थोडं थोडं घसरत राहतं, आणि त्याहून सपाट जागी सरकत नाही. मोकळ्या उतारावर प्रत्येक बर्फवृष्टीचा सलग थर बसतो, आणि दोन थरांमध्ये एखादा कच्चा थर राहिला की वरची लादी एकदम निसटते. सूचीपर्णी रानात निम्मंअर्धं बर्फ आधी फांद्यांवर अडतं, मग ढेकळांनी खाली पडतं, त्यामुळे सलग थर बनतच नाही. शिवाय खोडं खुंटीसारखी आधार देतात. यातून दोन अटी निघतात: झाडं दाट हवीत आणि वेगवेगळ्या वयांची हवीत. सगळं रान एकाच वयाचं झालं की ते एकदमच म्हातारं होतं, आणि नवीन रोपाला या उंचीवर उपयोगाचं होईपर्यंत कित्येक दशकं लागतात.

आणि रानाच्या वरचा उतार? तिथे झाड वाढत नाही, म्हणून तिथे पोलादी जाळ्या आणि कठडे. त्रिकोणाच्या वर आडव्या रांगा दिसतील, त्या शोभेच्या नाहीत. त्यांची उंची त्या जागी साचणाऱ्या बर्फाएवढी ठेवतात, बहुधा तीन ते पाच मीटर. कठडा बुटका पडला तर बर्फ त्याला गाडून वरून निसटतं, मग तो असून नसल्यासारखा. ही कामं वेगाने वाढली ती १९५१ नंतर. त्या वर्षी २० जानेवारीला तासाभरात सहा हिमलोट आंडरमाटवर आले आणि १३ माणसं गेली. त्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडभर ९८ जण दगावले. आंडरमाटला बर्फ अधिक पडतं त्याचं कारणही भूगोलातच आहे: खिंडींच्या मध्ये असल्यामुळे उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून, दोन्हीकडून येणारे ढग इथे रिकामे होतात.

१८८२ मध्ये गावाच्या पोटापाण्यावर घाव बसला. गोशेनेन ते आइरोलो हा १५ किलोमीटरचा रेल्वे बोगदा सुरू झाला आणि तो गावाच्या साधारण तीनशे मीटर खालून जातो. घोड्यांच्या टपालगाडीने येणारा प्रवासी एका मोसमात नाहीसा झाला. बोगद्याचं सगळ्यात कठीण काम गावाच्या खालीच होतं. वर सांगितलेला तो मऊ पट्टा तिथे आडवा आला, दाबाने दगडी अस्तर पुन्हा पुन्हा चिरडलं आणि पुन्हा पुन्हा बांधावं लागलं. त्या बोगद्याने एकूण दोनशेच्या आसपास मजुरांचे जीव घेतले. कंत्राटदार लुई फाव्रही १८७९ मध्ये बोगद्यातच कोसळून गेला.

त्यानंतर १८८५ पासून सैन्याने किल्लेबंदी सुरू केली आणि पुढची शंभर वर्षं गाव मुख्यतः छावणीवर जगलं. घळीतून गोशेनेनला जोडणारी दातेरी रेल्वे १९१७ ची, ३.७ किलोमीटरची. चढ शंभराला जवळजवळ अठरा. रुळांमधली दात्यांची पट्टी आब्ट पद्धतीची आहे, तीच आपल्या निलगिरीच्या गाडीला मेट्टुपालयमहून वर चढवते.

१९४६ चा प्रसंग मात्र गावात उभं राहून आठवावा असा आहे. वीजकंपन्यांची योजना अशी की घळीच्या तोंडाशी, उर्नरलोखपाशी, प्रचंड धरण बांधायचं आणि तिन्ही गावं पाण्याखाली घालायची. अभियांत्रिकीच्या दृष्टीने जागा अप्रतिम होती: सपाट रुंद तळ, ग्रॅनाइटचं अरुंद दार. म्हणजे ज्या रचनेने खोऱ्याला घडवलं तीच त्याच्या मुळावर उठली. पण कुरणं, रान आणि पाणी उर्झेरन कॉर्पोरेशनच्या, म्हणजे जुन्या घराण्यांच्या सामाईक मालकीचं होतं, आणि ती मंडळी विकायला तयार नव्हती. एकेका शेतकऱ्याला गाठून किंमत ठरवता आली असती, सामाईक गायरानाच्या बाबतीत तसं चालत नाही. १९ फेब्रुवारी १९४६ ला गावकऱ्यांनी योजनेच्या अभियंत्याला मारहाण करून गावाबाहेर काढलं. मारहाणीचं समर्थन करता येणार नाही, पण त्या रात्रीनंतर योजना पुढे सरकली नाही. तिच्याऐवजी शेजारच्या गोशेनेरआल्पला १५५ मीटर उंचीचं धरण झालं आणि तिथली छोटी वस्ती बुडाली. आंडरमाट वाचलं त्याची किंमत त्या वस्तीने मोजली, हे तिथे जाणाऱ्याने विसरू नये.

सैन्य कमी झाल्यावर गाव पुन्हा रिकामं होऊ लागलं. इजिप्तचे उद्योजक समीह साविरिस यांच्या पर्यटन प्रकल्पाला २००७ च्या मतदानात गावाने ९६ टक्के होकार दिला. नवी वस्ती स्टेशनच्या पलीकडे आहे, मोठं हॉटेल २०१३ मध्ये उघडलं. ती वस्ती जुन्या गावाशेजारी उभी केली, जुन्या गावावर नाही, ही गोष्ट माझ्या मते बरी झाली. घरांच्या किमती चढल्या ही तक्रारही तितकीच खरी आहे.

दोन दिवसांचा क्रम. ग्लेशियर एक्सप्रेसला आसन आरक्षण सक्तीचं आहे. त्याच रुळांवर साध्या स्थानिक गाड्याही धावतात, त्यांना नाही. उतरायचं असेल तर स्थानिक गाडी सोयीची, आणि स्विस ट्रॅव्हल पास तिथे चालतो. झुरिचहून येणार असाल तर एक चूक हमखास होते: लुगानो-मिलानच्या वेगवान गाड्या २०१६ च्या ५७ किलोमीटरच्या नव्या बोगद्यातून जातात, त्या गोशेनेनला थांबतच नाहीत. जुन्या मार्गाची गाडी धरा, गोशेनेनला उतरा, तिथून लाल दातेरी गाडी.

पहिल्या दिवशी सकाळी गावातून घळीकडे चाला. अर्ध्या तासात उर्नरलोख आणि पूल. पुढे पायवाटेने गोशेनेनपर्यंत उतरा आणि परतताना गाडीने चढा. घळीत रस्ता अरुंद आहे, म्हणून खुणा लावलेली पायवाट सोडू नका. हिवाळ्यात ही वाट बंद असते. दुपारी जुन्या गावातली मुख्य गल्ली: दगडी जोत्यावर लाकडी घरं, मधून वाहणारा ओढा, आणि फरसबंदीत चाकांसाठी बसवलेल्या ग्रॅनाइटच्या दोन पट्ट्या.

दुसऱ्या दिवशी रॉइसच्या काठाने होस्पेन्टालला जा, सपाट वाट, तासाभराच्या आत. तिथला तेराव्या शतकातला दगडी बुरूज वाट कोणाच्या ताब्यात होती ते सांगतो. फुर्का आणि गोटहार्डचे घाटरस्ते साधारण जून ते ऑक्टोबर उघडे असतात, बर्फ लवकर आलं तर आधीच मिटतात. खिंडीवर बस घ्यायची असेल तर आदल्या संध्याकाळी चौकशी करा. दक्षिणेचा कोरडा, गरम फ्योन वारा सुटला की खाली रॉइसच्या खोऱ्यात आभाळ निरभ्र आणि गोटहार्डवर मात्र ढगांची भिंत असं होतं, म्हणून गोशेनेनचं हवामान बघून खिंडीचा बेत ठरवू नका. गेम्सश्टोकची केबल कार २,९६१ मीटरवर नेते. मधल्या मोसमात ती देखभालीसाठी बंद असते, तेही विचारून घ्या. वर मिळाली जागा तर आधी दूरची शिखरं नका शोधू, खाली बघा: सपाट तळ, त्याच्या टोकाशी घळीची काळी फट, आणि गावाच्या माथ्यावरचा तो त्रिकोण.